प्रत्येक फीडनंतर बाळ दूध टाकतं, औषध सुरू करावं का?

झोपमोड:
मुलगी १० आठवड्यांची आहे, अंगावरच पिते. गेले तीन आठवडे पिऊन झालं की पाच-दहा मिनिटांत दूध बाहेर, कधी नुसती धार, कधी फाटलेल्या दुधासारखं दही-दही आणि एकदोनदा तर नाकातून पण आलं. दिवसाला सहा-सात झबली, माझे कपडे वेगळेच. एरवी हसते खेळते पण संध्याकाळी पिता पिता मधेच अंग ताणून पाठीची कमान करते आणि रडते. जन्माला २.९ किलो होती, काल ४.८ भरली. नवरा म्हणतो अ‍ॅसिडिटीचं औषध मागू डॉक्टरांकडे, सासूबाई म्हणतात सगळीच पोरं टाकतात. मला रात्रीची भीती वाटते, पाठीवर झोपलेली असताना दूध घशात अडकलं तर? सध्या डोक्याखाली छोटी उशी ठेवलीय. बरोबर आहे का?

जुळ्यांची आई:
अगं दूध पोटात राहतच नसतं तर १.९ किलो वजन आलं कुठून? या वयात दिवसाला साधारण २०-३० ग्रॅम वाढलं की पुरे. अन्ननलिका आणि पोटाच्या मधला स्नायू अजून नीट आवळत नाही, त्यात आहार सगळा पातळ आणि बाळ दिवसभर आडवं, मग वर येणारच. माझ्या दोघांचं चौथ्या महिन्यात कहर झाला होता, बसायला लागल्यावर कमी होत होत वर्षाच्या आसपास थांबलं. एक कर, मोठा चमचाभर दूध मुद्दाम दुपट्यावर ओत आणि डाग बघ केवढा पडतो. मी ते केलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

रातपाळीवाला बाबा:
उशी असू दे. आमचा तर पोटावर घातला की शांत झोपायचा, काही झालं नाही

वॉर्डातली ताई:
दादा रागावू नका पण हे दुसऱ्यांना नका सांगू. बाळ पाठीवर असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली, त्यामुळे वर आलेलं दूध श्वासनलिकेत जायला चढावं लागतं. पालथं घातलं की नेमकं उलटं होतं. ठसका लागून बाळ स्वतःच गिळतं किंवा थुंकतं. रिफ्लक्स (म्हणजे हेच, पोटातलं दूध वर येणं) असला तरी झोपवायचं पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर. उशी आजच काढ, कुशीवर पण नको, बाळ पालथं पडू शकतं. पिऊन झाल्यावर मात्र जागेपणी २०-३० मिनिटं खांद्यावर उभं धर, मधे मधे ढेकर काढ. लगेच कार सीटमधे बसवू नकोस, पोट दुमडतं आणि जास्त येतं.

औषधाचं म्हणशील तर ते फक्त आम्ल कमी करतं, दूध वर यायचं थांबवत नाही. झबली तेवढीच धुवावी लागणार. हसतंखेळतं, वजन वाढतंय अशा बाळाला सहसा देत नाहीत.

पण हिरवी उलटी, रक्त, दूध जोरात फेकल्यासारखं लांब उडणं, प्यायला नकोच म्हणणं, शू कमी होणं, श्वासाला त्रास, ताप, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. शीमधे रक्त किंवा अंगावर चट्टे असतील तर गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असू शकते, मग डॉक्टर आईला दोन ते चार आठवडे दूध-दही बंद करून बघायला सांगतात. स्वतःच्या मनाने नको, आधीच आई अर्धपोटी असते.

झोपमोड:
शी पिवळीच आहे, चट्टे नाहीत. उलटी उडत नाही, ओघळते. पण सकाळी पहिल्यांदा पाजताना गटगट पिते आणि ठसकते, तेव्हा सगळ्यात जास्त टाकते. याचा काही संबंध?

जुळ्यांची आई:
आहे ना! पान्हा जोरात सुटत असणार, दुधाबरोबर हवा पण गिळते. जरा मागे रेलून पाज, पहिली जोराची धार कपड्यावर जाऊ दे, मग लाव.

वॉर्डातली ताई:
+१. आणि ती कमान डॉक्टरांना एकदा दाखव, मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेव कारण तिथे गेल्यावर मुलं हमखास शहाणी होतात.

झोपमोड:
उशी काढली, व्हिडिओ काढला, परवाची वेळ मिळालीय. आज सकाळी मागे रेलून पाजलं, ठसका एकदाच लागला. आणि चमच्याचा प्रयोग केला तर नवरा डाग बघून म्हणाला बापरे, आज तर सगळंच बाहेर काढलं हिने 😅