तीन केंद्रांची आवक एका टेबलात आणताना आयडी आणि डिफॉल्ट कसे ठेवावेत?

सडा_पाणंद: हापूस खरेदीची तीन केंद्रं आहेत: देवगड, राजापूर, पावस. प्रत्येकाचा मायएसक्यूएल डेटाबेस वेगळा, आवक टेबलात ऑटो-इन्क्रिमेंट (आपोआप वाढत जाणारा) आयडी. आता सगळं एका पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आणायचंय, पण १ पासूनचे आकडे तिन्हीकडे तेच. त्यात सड्यावरच्या बागांत रेंज नाही. नोंद मोबाइलवर होते आणि संध्याकाळी सर्व्हरवर चढते. यूयूआयडी (कुठेही तयार केला तरी दुसऱ्याशी न जुळणारा लांब आयडी) घेऊन त्याचा डिफॉल्ट (रकाना दिला नाही तर डेटाबेस स्वतः भरतो ते मूल्य) लावला की भागेल का? बागायतदाराच्या पावतीवर ते ३६ अक्षरांचं शेपूट छापायचं का? वजनाला डिफॉल्ट ० आणि प्रतीला 'अ' आहे, ते तसंच नेऊ?

खाडीपलीकडे: यूयूआयडी घ्या, पण डिफॉल्टवर विसंबू नका. डिफॉल्ट चालतो तो सर्व्हरवर, ओळ तिथे पोचल्यावर. नोंद चढली, उत्तर परत येताना रेंज गेली, की मोबाइल तीच नोंद पुन्हा पाठवणार. सर्व्हर तिला नवा आयडी देणार आणि ४० पेट्यांच्या ८० होणार. आयडी 'जतन करा' दाबताक्षणी मोबाइलवरच तयार करा, सर्व्हरवर 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' (तो आयडी आधीच असेल तर काही करू नको) ठेवा. मग दहा वेळा आली तरी ओळ एकच.

वेळेचंही तेच. 'नाऊ' (सर्व्हरवरची त्या क्षणाची वेळ) डिफॉल्ट दिलात तर सकाळी ७ ची तोडणी संध्याकाळी ७ ची दिसेल. दोन रकाने करा: नोंदीची वेळ मोबाइलकडून, चढल्याची वेळ डिफॉल्टने. दोन्ही टाइमझोनसह.

आवृत्ती ७ चा यूयूआयडी वापरा. त्याचे पहिले ४८ बिट मिलिसेकंदातली वेळ असतात, त्यामुळे नव्या ओळी इंडेक्सच्या (ओळी शोधायच्या क्रमवार सूचीच्या) शेवटाकडे जातात; आवृत्ती ४ चे आकडे यादृच्छिक, त्यामुळे त्याच्या कुठेही घुसतात. रकाना यूयूआयडी प्रकारचाच हवा, १६ बाइट. मजकूर म्हणून ठेवलात तर दुपटीहून जास्त.

हिशेबनीस_रत्नागिरी: पावतीवर यूयूआयडी अजिबात नको. फोनवर कोण वाचून दाखवणार? छापील क्रमांक वेगळा: केंद्र, हंगाम, क्रमांक, आणि या तिघांवर मिळून युनिक (तीच जुळणी दुसऱ्यांदा चालणार नाही). प्रत्येक मोबाइलला पावतीपुस्तकासारखे २०० आकडे आधीच वाटून द्या, रेंज लागत नाही. आकडे उरले तर उरले. सलगच हवे असतील तर सिक्वेन्स (डेटाबेसचा पुढचा आकडा देणारा मोजक) उपयोगाचा नाही, कारण व्यवहार रोलबॅक (रद्द) झाला तरी घेतलेला आकडा परत येत नाही. मग क्रमांक केंद्रावरच, मोजणीच्या ओळीला कुलूप लावून त्याच व्यवहारात द्यावा लागेल.

डिफॉल्ट ० मात्र काढाच. १० लॉटपैकी २ चं वजन व्हायचंय, बाकी ८ ची फळाची सरासरी २५० ग्रॅम. तुमचा अहवाल २०० दाखवेल. नल (म्हणजे रिकामं, अजून माहीत नाही) ठेवलं तर सरासरीत धरलंच जात नाही. प्रतीचा 'अ' त्याहून वाईट. न तपासलेला माल पहिल्या प्रतीचा ठरतो आणि पैसेही तसेच जातात. डिफॉल्ट काढा, नॉट-नल (रिकामं चालणार नाही ही अट) राहू द्या आणि 'तपासणी बाकी' असा वेगळा पर्याय ठेवा.

सडा_पाणंद: आणि जुन्या ओळी?

खाडीपलीकडे: डिफॉल्ट काढल्याने जुन्या ओळींना काहीच होत नाही. वजन ० असणं शक्यच नाही, तेव्हा ते नल करा. 'अ' मधला खरा कुठला आणि आपोआप आलेला कुठला, हे टेबलावरून कळणार नाही. तिथे कागदी पावत्याच काढाव्या लागतील. जुना आयडी आणि केंद्राचा कोड हे दोन रकाने जपा, त्यांच्या जोडीवर युनिक लावा. रक्कम अदा केल्याच्या टेबलातल्या फॉरेन की (आवकेच्या ओळीकडे बोट दाखवणारे आयडी) त्या जोडीवरूनच नव्या आयडीला जोडा. नुसत्या जुन्या आयडीवर जॉइन केलात (दोन टेबलं जुळवलीत) तर पावसचे पैसे राजापूरच्या खात्यात दिसतील.

हिशेबनीस_रत्नागिरी: एक राहिलं. अ‍ॅप रिकामा रकाना स्वतःहून नल म्हणून पाठवत असेल तर डिफॉल्ट लागतच नाही, तो रकाना वगळला तरच लागतो. चढल्याच्या वेळेवरही नॉट-नल लावा, म्हणजे चूक पहिल्याच दिवशी एरर देऊन दिसेल.