पाचवीत हायस्कुलात गेलो तेव्हा : अनुभव धागा

विदर्भातील शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. तोवर पेरणीची घाई सुरू झालेली असते आणि गावच्या जिल्हा परिषद शाळेतून चौथी झालेले मूल पाचवीसाठी पहिल्यांदाच परगावच्या हायस्कुलाची वाट धरते. त्या पहिल्या वर्षाविषयी, विशेषतः जाण्यायेण्याविषयी, आपण लिहावे. आपल्या भागात कित्येकांचे शिक्षण त्या वाटेवरच थांबले, असे मला वाटते.

शेतकरी, दारव्हा तालुका :
आमचे हायस्कूल दोन कोसांवर होते आणि मध्ये नाला आडवा येई. काळ्या मातीचा चिखल चपला ओढून घेई, म्हणून त्या हातात धरूनच चालावे लागे. पूर आला की अलीकडूनच परतायचे आणि हजेरीपटावर गैरहजेरी लागायची. वर्गशिक्षकांच्या हे ध्यानात आल्यावर त्यांनी नाल्यापलीकडच्या मुलांची वेगळी यादी केली आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आमचे बुडालेले गणित पुन्हा शिकवले. त्यांनी ते केले नसते, तर मी दहावीपर्यंत पोहोचलो नसतो.

निवृत्त शिक्षिका, दर्यापूर तालुका :
मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आली. आम्ही मुळाक्षरे पाचवीतच गिरवली. ती अडचण सर्वांचीच होती, त्यामुळे फारशी बोचली नाही. दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली की मुलींचे बाक मात्र रिकामे होत, आणि त्यांतल्या काही जणी पुन्हा कधीच आल्या नाहीत. माझ्या आईने माझ्या वाट्याची वेचणीही स्वतः केली, पण माझी शाळा बुडू दिली नाही. पुढे शिक्षिका झाल्यावर वेचणीच्या दिवसांत मी मुलींच्या घरी जात असे.

निवृत्त लिपिक, अमरावती जिल्हा :
डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली स्थापन केलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे हायस्कूल शेजारच्या गावात होते, म्हणूनच आमच्या घरातील पहिला मॅट्रिक झाला.

परिचारिका, झरी जामणी तालुका :
आमच्या काळी मुलींसाठी शासनाच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी बस होती. ती लवकर निघे, त्यामुळे विज्ञानाचा शेवटचा तास नेहमी अर्धवट सुटे. मॅडमनी मुख्याध्यापकांशी बोलून तो तास सकाळी घेतला, तेव्हा मला पहिल्यांदा प्रयोग शेवटपर्यंत पाहता आला.