मदत हवी आहे: भाचा जूनमध्ये ज्युनियर केजीत, घरच्यांकडून तयारी कशी करून घ्यावी?

मुलुंडची_मावशी:
भाचा चार वर्षांचा आहे, भांडुपच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत प्रवेश झालाय. नर्सरी केलेली नाही. शाळा सकाळी ८ ची. ताई-भावोजी दोघंही नोकरीला, सोडायला आजी जाणार, येताना व्हॅन. सध्या रात्री साडेअकराला झोपतो, ९ ला उठतो, जेवण भरवावं लागतं. हातात पाच आठवडे आहेत. घरात सगळे एबीसीडीच्या मागे लागलेत. आधी काय करायला सांगू?

शिशुवर्ग_ताई:
एबीसीडी राहू द्या, ते शाळा शिकवतेच. पहिल्या महिन्यात मुलं अडतात ती पँटच्या बटणापाशी, डब्याच्या झाकणापाशी आणि अपुऱ्या झोपेमुळे.

झोपेला सर्वात जास्त दिवस लागतात, म्हणून ती आजपासूनच. ८ च्या शाळेसाठी साडेसहाला उठायचं, म्हणजे आताच्यापेक्षा अडीच तास आधी. दर तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणलंत तर दहा टप्प्यांत महिना जातो. आधी उठण्याची वेळ सरकवा, झोपण्याची मागोमाग येते. उलटं केलं तर मूल अंधारात टक्क जागं पडून राहतं. दुपारची झोप ४ च्या आत संपवा. रविवारीही तीच वेळ, नाहीतर सोमवारी पहिले पाढे पंचावन्न. या वयाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते.

पँट इलॅस्टिकचीच. गणवेशाला बटण किंवा हुक असेल तर तो आत्ताच आणून घरी रोज घालायला-काढायला लावा. शाळेत कमोड आहे की भारतीय पद्धतीचा संडास, हे विचारून घ्या. सवय नसलेली मुलं चार तास दाबून धरतात आणि मग व्हॅनमध्ये कपडे ओले होतात. 'टॉयलेट' आणि 'वॉटर' एवढे दोन शब्द न लाजता मोठ्याने म्हणता आले की सध्या पुष्कळ झालं.

दादर_पश्चिम:
डब्याबद्दल थोडं. चारी बाजूंनी क्लिपा असलेले डबे या वयाच्या बोटांना उघडत नाहीत, नव्या डब्याचं रबर तर फारच घट्ट असतं. एका क्लिपचा घ्या आणि शेवटचे दोन आठवडे नाश्ता ताटात न देता त्याच डब्यात द्या, १५ मिनिटांत संपेल एवढाच. भरवणं एकदम बंद करू नका, आधी पहिले चार घास त्याचे त्याने. तूप-साखर लावलेल्या पोळीचा रोल कापून दिला की सांडत नाही. द्राक्षं उभी चिरून द्या, अख्खे शेंगदाणे नकोत, घशात अडकतात.

सुरुवातच पावसात होणार, तेव्हा गमबूट घेऊ नका, पाणी आत गेलं की बाहेर येत नाही. वेल्क्रोचे पावसाळी सँडल बरे, शाळा चालवून घेत असेल तर. रेनकोट दप्तरावरून बसेल असा. दप्तरात कपड्यांचा एक जोड आणि ओल्यासाठी रिकामी पिशवी, सगळ्यावर मार्करने नाव.

मुलुंडची_मावशी:
धन्यवाद! आजींना तो रडला की बघवत नाही. गुपचूप निघून आलं तर चालेल का?

शिशुवर्ग_ताई:
अजिबात नको. एकदा असं झालं की दुसऱ्या दिवसापासून तो पदर सोडणार नाही. 'जेवण झालं की घरी' असं त्याला कळेल त्या भाषेत सांगायचं, टाटा करायचा आणि वळायचं. आजींना हे जमत नसेल तर पहिला आठवडा भावोजींनी सोडावं. व्हॅनही आठवडाभर थांबवा. मूल कोणाच्या ताब्यात द्यायचं त्या दोन नावांची शाळेत आणि व्हॅनवाल्याकडे लेखी नोंद हवी.

कागदपत्रं_वगैरे:
पालिकेच्या जन्मदाखल्यावर मुलाचं नाव चढलंय ना, ते बघा. पुष्कळदा ती जागा कोरीच असते आणि ऐनवेळी वॉर्ड ऑफिसला पळावं लागतं. आधारवरचं स्पेलिंगही दाखल्याशी जुळायला हवं. पाच पूर्ण झाल्यावर आधारला बोटांचे ठसे द्यावे लागतील. डीपीटी लसीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) दुसरा बूस्टर ५ ते ६ वर्षांत असतो, पालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतो.