जुन्या रेडिओचं कापड बदलावं की आहे तेच ठेवावं?

मध्यमलहर:
आजोबांचा व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांवर चालणारा, मर्फी रेडिओ कित्येक वर्षं माळ्यावर पडून होता. गणपतीच्या साफसफाईत खाली उतरवला. लाकडी कॅबिनेट शाबूत आहे, फक्त वरच्या फळीवर फुलदाणीचा पांढरा गोल डाग आहे. स्पीकरसमोरचं कापड चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचं झालंय आणि उजव्या कोपऱ्यात दोन बोटं जातील एवढं भोक आहे.

काल समोरची लाकडी पट्टी सैल करून पाहिली. पट्टीखाली दबलेलं बोटभर रुंदीचं कापड चक्क डाळिंबी रंगाचं निघालं, त्यात सोनेरी धागा. मी आत्याला फोन केला. ती म्हणाली, "छे रे, आपला रेडिओ पहिल्यापासून बिस्किटीच होता." घरात कोणालाच डाळिंबी रंग आठवत नाही.

कापड बदलू नये, असं माझं ठाम मत झालंय. मागून ठिगळ लावून भोक बुजवायचं, लाकडाची नुसती धूळ काढायची, बास. घराने जो रेडिओ पाहिला तो हा. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासकट लिहा.

ठाणेकर:
मला अजिबात पटत नाही. माझे वडील ठाण्याच्या मर्फीच्या कारखान्यात होते, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. डायलची काच, पितळी कड, लाकडाची छटा आणि मागचं कापड, हे सगळं एकमेकांशेजारी ठेवून कोणीतरी रंग निवडलेला असतो. तुम्ही ज्याला घराची आठवण म्हणताय ती उदबत्तीची काजळी आहे, फोडणीचा धूर आहे आणि खिडकीतल्या उन्हाने उडालेला रंग आहे. देवघरातली समई काळी पडली तर आपण चिंचेने घासतोच ना? पट्टीखालचा तुकडा म्हणजे नमुना मिळाला तुम्हाला. तसं कापड शोधा आणि रेडिओला त्याचा चेहरा परत द्या.

चौथी_आळी:
समईला घासून काही होत नाही, ठाणेकर. रेडिओच्या लाकडाला होतं. पाच वर्षांपूर्वी मी सासऱ्यांचा रेडिओ 'नवा करून' आणला, त्याची गोष्ट सांगते.

पॉलिशवाल्याने मशिनने घासला. कॅबिनेट अखंड सागवानी नसतं हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही. प्लायवर व्हिनियरचा, म्हणजे चांगल्या लाकडाचा, पातळ पापुद्रा असतो. कोपऱ्यावर तो पापुद्रा संपला आणि खालचा प्लाय उघडा पडला. कडांना जी गडद छटा होती, मधे फिकट आणि कडेला काळसर होत जाणारी, तीही गेली. ती छटा लाकडाची नव्हतीच. कारखान्यात रंगीत लॅकर फवारून दिलेली होती. मग त्यावर पीयू (पॉलियुरेथेनचं चकचकीत पॉलिश) मारलं. आता तो हॉटेलच्या टेबलासारखा चकाकतो. पीयू परत काढायचं तर पुन्हा घासायला लागणार, आणि घासायला आता व्हिनियर उरलेलंच नाही.

कापड सोफ्याच्या दुकानातून आणलं, दिसायला सुरेख. रेडिओ लावला तर निवेदक तोंडावर उशी धरून बोलतोय असं वाटायला लागलं. वीण घट्ट असली की वरच्या पट्टीचे स्वर अडतात, स, श नीट ऐकू येत नाहीत. पुढे कोणी सांगितलं की कापड तोंडासमोर धरून फुंकर मारायची. पलीकडे तळहाताला वारा लागला तरच ते रेडिओचं कापड.

म्हणून मी मध्यमलहर यांच्या बाजूने. मूळ कापड एकदा ओरबाडून काढलं की संपलं.

ठाणेकर:
चौथी_आळी ताई, तुमचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण हा दोष घाईचा आहे, दुरुस्तीचा नाही. नीट करायची रीत वेगळी आहे, मी आठ-दहा रेडिओंवर केलेली सांगतो.

आधी तळाला, दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटचा कापूस टेकवायचा. थर चिकट झाला तर लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने मऊ पडला तर लॅकर. हे कळल्याशिवाय हात लावायचा नाही. लाखेवरचा पांढरा डाग बहुतेक वेळा ओलाव्याचा असतो. कापसावर मलमल गुंडाळून केलेली पुरचुंडी जेमतेम स्पिरिटने ओलावून वरच्यावर फिरवली की तो उतरतो. पॉलिशपेपर लागतच नाही.

कापड बदलताना स्पीकर आधी काढून बाजूला ठेवायचा, त्याचा कागदी कोन बोटाच्या धक्क्याने फाटतो. जुनं कापड मागच्या फळीवर चिकटवलेलं असतं, ते थोडी वाफ देऊन सावकाश सुटं करायचं. पाणी ओतायचं नाही, नाहीतर फळी पुठ्ठ्याची असेल तर फुगते. नवीन कापडाचा उभा-आडवा धागा डायलच्या कडेला समांतर हवा. एक धागा तिरका गेला तरी सगळा रेडिओ वाकडा दिसतो. आधी वरची कड चिकटवून पूर्ण वाळू द्यायची, मग खालची ओढायची. या कामाला एक रविवार जातो. पण संध्याकाळी दिवा लागल्यावर डायलच्या उजेडात ते सोनेरी धागे चमकतात ना, ते पाहिल्यावर बिस्किटी चिंधी परत लावावीशी कोणालाच वाटणार नाही.

गोदाकाठ:
मी दोघांच्या मधे आहे, पण कापडाच्या बाबतीत ठाणेकरांकडे झुकते.

सासूबाईंचा रेडिओ उघडला तेव्हा आत उंदराचं घरटं होतं आणि कापडाची मागची बाजू त्याच्या मुताने कुजलेली. नाक लावलं की कळायचं. असं कापड आठवण म्हणून स्वयंपाकघरात ठेवायचं का? मी बदललं. लाकडाला मात्र हात लावला नाही. सासूबाई बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला हा गाण्यांचा कार्यक्रम ऐकायच्या. आवाज वाढवायला उठल्या की डावा हात कॅबिनेटच्या कडेला टेकायचा. तिथलं पॉलिश झिजून लाकूड गुळगुळीत झालंय. मी झाडताना माझाही हात तिथेच जातो. ते बुजवायला कोणी हजार रुपये दिले तरी देणार नाही.

एक कळकळीची विनंती: डायलची काच आतून पुसू नका. स्टेशनांची नावं काचेच्या आतल्या बाजूला छापलेली असतात. मी ओल्या फडक्याने एकदाच पुसलं आणि कोलंबो फडक्यावर आलं.

जुना_व्हॉल्व्ह:
कापडाचा निकाल तुम्ही लावा. मला त्याआधीचं सांगायचंय आणि ते जिवाचं आहे. मध्यमलहर, रेडिओ अजून प्लगला लावला नसेल तर लावू नका.

व्हॉल्व्हवरची नावं वाचा. यूसीएच ८१, यूएल ८४, यूवाय ८५ अशी 'यू'ची मालिका असेल, तर त्या सेटला बहुतेक घरच्या विजेपासून वेगळं ठेवणारा मेन ट्रान्सफॉर्मर नसतो. चासी, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, थेट घरच्या विजेला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की पत्र्याला २३० व्होल्ट. अशा सेटमध्ये लाकडी पेटी, मागचा भोकांचा पुठ्ठा आणि नॉब हे संरक्षण असतं. नॉबच्या स्क्रूवर मेण भरलेलं दिसलं तर ते मळ समजून खरवडू नका. स्क्रूला बोट लागू नये म्हणून ते भरलेलं असतं. कापडाला भोक आहे म्हणालात, त्यातून लहान मुलाचं बोट आत जातं. तेवढ्यासाठी तरी आज ना उद्या ते बंद करा.

आणि जुने कागदी कपॅसिटर बदलल्याशिवाय सेट चालू करू नये. त्यातला एक गळका असला, म्हणजे नको तिथे वीज झिरपू देत असला, की आउटपुट व्हॉल्व्ह (स्पीकरला आवाज पुरवणारा) लाल होऊन जातो. हे बदल आतले आहेत, त्यावर कोणाचा आक्षेप नसावा.

मध्यमलहर:
जुना_व्हॉल्व्ह काका, मनापासून आभार. यूएल ८४ च निघाला. प्लग कापून ठेवलाय, शनिवारी कपॅसिटर बदलून घेतो.

तळाला कापूस लावून पाहिला. स्पिरिटने काही नाही, थिनरने बोट चिकटलं, म्हणजे लॅकर. ठाणेकर, तुमची रीत वाचून तुमच्याबद्दल आदर वाढला, पण मत तेच आहे. कापड कुजलेलं नाही, वास नाही, फुंकर आरपार जाते. मग फक्त रंगासाठी ते का काढू? आत्या दिवाळीला येईल तेव्हा तिला तिचा रेडिओ दिसायला हवा. पट्टीखालचा डाळिंबी तुकडा कापून भोकाच्या मागे लावावा असं मनात आहे, म्हणजे धागा तरी मूळचा राहील.

ठाणेकर:
तो तुकडा कापू नका, हात जोडतो. बाकी तुमच्या मनासारखं करा. ठिगळाला मलमल चहाच्या पाण्यात रंगवून घ्या, बिस्किटी रंगात मिसळून जाईल. पण अख्ख्या रेडिओत मूळ रंग सांगणारी जागा ती बोटभर पट्टीच आहे. पट्टी जशी होती तशी परत बसवा आणि आतल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहून ठेवा: खाली पाहा.