दुबईहून सासूबाईंना फोन

बी-४०३ काकू: नमस्कार. १२ तारखेला आम्ही दोघं तीन आठवड्यांसाठी लेकीकडे दुबईला निघालोय. सासूबाई इथेच, मावशी रात्रंदिवस आहेत. तिथून रोज फोन कसा करायचा? ह्यांचं म्हणणं, व्हॉट्सॲप आहे की!

ए-२०१: काकू, व्हॉट्सॲपवर तिथे मेसेज जातात, व्हॉइस नोट जाते, पण कॉल लागत नाही. अमिरातीत तो बंद ठेवलाय. बोटिम नावाचं ॲप चालतं. दोन्हीकडच्या फोनमध्ये टाका आणि निघायच्या आधी घरातल्या घरात लावून बघा. बंद केलेलं आडवाटेने चालू करणारं व्हीपीएन ॲप कोणी सुचवलं तर ऐकू नका, तिथले कायदे कडक आहेत.

बी-४०३ काकू: दोन्हीकडे म्हणजे सासूबाईंकडे? त्या फक्त लँडलाइन उचलतात. मोबाईल वाजला की "दार बघ गं" म्हणतात.

सी-१०४ काका: बरोबरच आहे त्यांचं. आम्ही आयएसडी बूथमध्ये मीटरचे लाल आकडे बघत बोललोय. "कसा आहेस, बरा आहेस, ठेवतो." संपलं.

ए-२०१: मग साधा आयएसडी कॉलच. शून्य दाबून धरलं की + येतो. पुढे भारताचे ९१, मग पुण्याचे २०, मग घरचा आठ आकडी नंबर. ०२० मधलं पहिलं शून्य गाळायचं, तिथेच सगळे चुकतात. रोमिंग पॅक घेताना दोन गोष्टी विचारा: यादीत अमिराती आहे का आणि पॅकमधल्या मिनिटांत भारतात केलेला कॉल धरतात का. काही पॅकमध्ये नुसते तिथल्या तिथेच बोलायचे कॉल असतात.

डी-६०२: आणि पॅक सुरू झाल्याचा मेसेज आल्याशिवाय डेटा रोमिंग चालू करू नका. आम्ही स्वित्झर्लंडला उतरल्या उतरल्या फोन चालू केला. पॅक लागायचा होता, आणि फोन शहाण्यासारखा सगळे फोटो क्लाउडवर चढवत बसला. बिलाचा आकडा ग्रुपवर सांगत नाही. यांनी तो विषय आतापर्यंत दोनदा काढलाय, तेवढं पुरे.

बी-४०३ काकू: बाई! आणि ह्यांचे बँकेचे ओटीपी?

ए-२०१: इथलं सिम फोनमध्येच राहू दे, रोमिंग चालू, डेटा बंद. ओटीपीच्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत. पडतात ते आलेला कॉल उचलल्यावर. म्हणजे कर्ज हवंय का विचारणारीला तिथून "नको" म्हणायचे पैसे तुम्ही भरणार. इंटरनेटसाठी तिथलं ई-सिम घ्या, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम. प्रीपेड असेल तर व्हॅलिडिटी मध्येच संपत नाही ना, तेही बघा.

सेक्रेटरी: कृपया ग्रुपवर सोसायटीविषयीच लिहावे. बी विंगची टाकी उद्या धुणार आहेत.

सी-१०४ काका: हे सोसायटीविषयीच आहे. आजी आपल्या सर्वांत जुन्या सभासद आहेत.

बी-४०४: काकू, मावशींच्या मोबाईलमध्ये मी बोटिम टाकून देते. आठवड्यातून एकदा आजींना नातीचा चेहरा तरी दिसेल. वेळ कुठली ठरवायची? दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे.

बी-४०३ काकू: सातला दिवा लावून त्या फोनजवळ बसतात.

बी-४०४: म्हणजे तुमचे साडेपाच.

बी-४०३ काकू: हो, पण अगदी ठोक्याला करावा लागेल. सात वाजून पाच झाले की त्या लाइन चालू आहे का बघायला रिसीव्हर उचलून धरतात. मग एंगेज.