दिवाळी निधी : यंदा व्हॅन की पगार?

प्रेषक : मंदार (कार्यकारिणीतर्फे)

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळाचा यंदाचा दिवाळी निधी गडचिरोलीकडच्या आदिवासी भागातल्या एका रुग्णालयाला द्यायचं कमिटीत ठरलं आहे. आपल्यातले निम्मे लोक फार्मा कंपन्यांत नाहीतर आयटीत. बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्यानं दिलेल्या देणगीत तेवढीच भर स्वतः घालतात. सगळ्यांनी आपापल्या पोर्टलवर मॅचिंगचा अर्ज टाकला, तर फिरत्या दवाखान्याची एक व्हॅन सहज निघेल. व्हॅनवर एका बाजूला मंडळाचं नाव, दुसऱ्या बाजूला कंपन्यांचे लोगो. दिवाळीच्या कार्यक्रमात स्लाइडही दाखवता येईल. कुणाची हरकत असल्यास रविवारपर्यंत कळवा.

प्रेषक : मेधा

मंदार, हरकत नाही, प्रश्न आहेत. ड्रायव्हर कोण देणार? डिझेल कोण भरणार? व्हॅनमध्ये बसायला नर्स लागेल, तिचा पगार कुठून? आणि मुख्य म्हणजे, रुग्णालयानं व्हॅन मागितली आहे का?

प्रेषक : शिरीष

मेधाच्या प्रश्नांना धरूनच लिहितो. जरा लांबेल, रिटायर्ड माणसाकडे वेळच वेळ.

न्यू जर्सीत राहून मर्क या औषध कंपनीची ही गोष्ट न ऐकलेला फार्मावाला विरळा, पण बहुतेकांनी अर्धीच ऐकलेली असते. जपानमधल्या मातीत सातोशी ओमुरांना सापडलेला एक जिवाणू इथे मर्कच्या राहवेमधल्या प्रयोगशाळेत आला. विल्यम कॅम्पबेल यांच्या गटानं त्यातून जंतांवरचं औषध शोधलं, तेच पुढे आयव्हरमेक्टिन झालं. दोघांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. वाहत्या नद्यांवर वाढणाऱ्या काळ्या माशीच्या चावण्यातून अंगात शिरणाऱ्या जंतामुळे येणारं आंधळेपण, म्हणजे रिव्हर ब्लाइंडनेस, या औषधानं रोखता येईल अशी आशा मर्कचेच डॉ. मोहम्मद अझीझ यांनी १९८१ मध्ये सेनेगलला सुरू केलेल्या चाचण्यांमुळे निर्माण झाली. ज्यांना औषध हवं त्यांच्याकडे पैसे नव्हते, त्यांच्या सरकारांकडेही नव्हते, आणि पैसे भरायला दुसरं कुणी पुढे येईना. शेवटी १९८७ मध्ये मर्कचे प्रमुख रॉय व्हेजेलॉस यांनी जाहीर केलं की हवं तेवढं औषध, हवी तितकी वर्षं, फुकट देऊ.

टाळ्या इथे पडतात. खरं काम इथून पुढचं. या गोळीनं जंताची पिल्लं मरतात, मोठा जंत मरत नाही. तो दहा-पंधरा वर्षं जगतो आणि मादी पिल्लं घालत राहते. म्हणजे गावातल्या जवळजवळ प्रत्येकाला वर्षातून एकदा तरी, वर्षानुवर्षं गोळी द्यायची. 'हवी तितकी वर्षं' यामागे हे जंताच्या आयुष्याचं गणित आहे.

बरं, देणार कोण? रस्ता संपतो त्याच्याही पलीकडची ही गावं. डोस ठरतो वजनावर, पण वजनकाटे कुठे वाहून न्यायचे? मग डोस उंचीवर बसवला. एक काठी आणि तिच्यावर खुणा. ९० सेंटिमीटरच्या आतलं मूल असेल तर गोळी नाही, तिथपासून ११९ पर्यंत एक, मग दोन, तीन, आणि १५९ पासून पुढे चार. गरोदर बाया आणि आजारी माणसं वगळायची. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ही काठी वाचता येते. ती धरणारा माणूस गावानं आपल्यातूनच निवडायचा, ही पद्धत आफ्रिकेत १९९५ नंतर रुळली तेव्हा कुठे गोळ्या खरोखर गावोगाव पोचू लागल्या. त्यासाठी जागतिक बँक, जागतिक आरोग्य संघटना आणि त्या त्या देशांची सरकारं यांना खिशात हात घालावा लागला. कोलंबिया २०१३ मध्ये या रोगातून सुटला. आफ्रिकेतला पहिला देश नायजर, तो २०२५ मध्ये! १९८७ पासून मोजा म्हणजे किती काळ टिकून राहावं लागतं ते कळेल.

आपल्याकडेही २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात हत्तीपायासाठी तीन औषधांची मोहीम झाली. त्यात आयव्हरमेक्टिन होतंच, आणि त्याचा डोसही उंचीवर.

व्हॅनला माझा विरोध नाही. पण व्हॅन म्हणजे गोळी झाली. काठी धरणाऱ्याचं काय?

प्रेषक : आनंद

काका, गोष्ट छान, पण कंपनीला देव्हाऱ्यात बसवू नका. हेच औषध जनावरांसाठी विकून मर्कनं आधीच बक्कळ कमावलं होतं, म्हणून माणसांना फुकट देणं परवडलं. आणि हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्ये व्हायॉक्स हे सांधेदुखीवरचं औषध बाजारातून काढून घ्यावं लागलं, तीही हीच कंपनी. कंपन्यांचा दानधर्म घ्यावा जरूर, पण डोळे उघडे ठेवून.

दुसरं म्हणजे, पैसे भारतात पाठवायचे तर घेणाऱ्या संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर ते आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावे लागतात, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आहे. पगार नको, वस्तू द्या, असं लोक म्हणतात ते यामुळेच.

प्रेषक : मेधा

आनंद, त्या २० टक्क्यांचा उगाच बागुलबुवा झालाय. रुग्णालयातल्या डॉक्टरांचे पगार नियमांनुसार प्रशासकीय खर्चात धरतच नाहीत. नर्सच्या बाबतीत संस्थेच्या सीएलाच विचारू.

व्हॅन, यंत्रं, इमारत यांसाठी भारतातल्या कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी, आहेच. २०१३ च्या कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करावेच लागतात. पण तिथेही चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षंच. नंतर नर्सचा पगार कोण देणार, हे कुणी सांगत नाही.

गडचिरोलीचं म्हणशील तर बंग दांपत्याच्या 'सर्च' या संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली. बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला बाई शेजारच्याच घरातून यायची.

प्रेषक : मंदार

बरं बाबांनो, व्हॅनचं तूर्त थांबवतो. रुग्णालयाला मी फोन करतो आणि त्यांना नेमकं काय हवंय ते आधी विचारतो. नर्सचा पगार म्हणाले, तर एक वर्ष नाही, निदान तीन वर्षांचा शब्द द्यावा लागेल. म्हणजे पुढच्या दोन कमिट्यांनाही बांधून घ्यायचं, सर्वसाधारण सभेत ठराव लागेल.

मॅचिंगचं पाहा : काही कंपन्या सांस्कृतिक मंडळांना मॅचिंग देत नाहीत. आपापल्या एचआरला विचारून मला परस्पर कळवा, लिस्टवर 'रिप्लाय ऑल' नको. आणि शिरीषकाका, लोगो लावायला व्हॅनच नसेल तर मोठ्या रकमेसाठी कंपन्यांना काय सांगायचं, ते तुम्हीच बघा. ओळखी तुमच्याच आहेत.