'ओसरणे'ला इंग्रजीत नेमका शब्द कुठला?

विश्रामबागहून
बँकेच्या परीक्षेसाठी इंग्रजी शब्दांची यादी पाठ करतेय. रिसीड, सब्साइड, अबेट, वेन, एब या पाचांपुढे यादीत एकच अर्थ छापलाय: कमी होणे, ओसरणे. प्रश्नपत्रिकेत मात्र यातलेच तीन-चार पर्याय देतात आणि रिकाम्या जागेत एकच बरोबर धरतात. अर्थ एकच असेल तर कुठलाही का चालू नये? उदाहरण कृष्णेच्या पुराचंच द्या, ते लगेच डोक्यात बसेल.

हरिपूरहून
ताई, पूर घेतलात ते बरं केलंत. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी मोजतात ती पट्टी डोळ्यांपुढे आणा. 40 फुटांवर इशारा, 45 फुटांवर धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं आणि गावात शिरलं. ते रस्ते मोकळे करत पुन्हा नदीकडे हटायला लागलं की रिसीड. लॅटिनमध्ये 'रे' म्हणजे मागे आणि 'केडेरे' म्हणजे जाणे. पुढे आलेलं मागे सरकतं, हा त्याचा गाभा. म्हणून तर कपाळावरचे केस मागे हटले की त्यालाही रिसीडिंग हेअरलाइन म्हणतात (आमच्या घरात हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही).

तेच पाणी पट्टीवर 57 वरून 50 वर आलं, म्हणजे खाली बसलं, तर सब्साइड. जमीन खचते त्याला सब्सिडन्स म्हणतात, तो यातलाच. वादळ, सूज, राग, हशा असं उठलेलं, उसळलेलं काहीही खाली बसलं की सब्साइड. पुराच्या पाण्याला दोन्ही शब्द चालतात, पण लिहिणाऱ्याची नजर एकदा रस्त्यावर असते आणि एकदा पट्टीवर.

मिरजेहून
अबेट माझ्याकडे द्या. त्यात जागाही नाही आणि उंचीही नाही, फक्त जोर आहे. पावसाचा जोर, वाऱ्याचा जोर, दुखण्याचा जोर. मूळ जुन्या फ्रेंचमधलं, मारून खाली पाडणे अशा अर्थाचं. पेपरात त्याचं नकारी रूपच जास्त भेटतं: कोयनेच्या पाणलोटात पाऊस थांबायचं नाव घेत नसेल तर 'द रेन कंटिन्यूड अनअबेटेड'.

आम्हा वकिलांच्या तोंडी हा शब्द रोज असतो, पण निराळ्या अर्थाने. दाव्यातला पक्षकार वारला आणि 90 दिवसांत त्याचे वारस रेकॉर्डवर घ्यायचा अर्ज आला नाही, तर त्याच्यापुरता दावा अबेट होतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 22. यादीतला अर्थ इथे लावून 'दावा ओसरला' म्हणून बघा, अशील उठून जाईल. आणि हो, पाण्याला अबेट लावू नये.

हरिपूरहून
काका, कोर्टाचं ऐकतो, पण पाण्याचं नाही. 1611 च्या किंग जेम्स बायबलात नोहाच्या महापुराचं पाणी 150 दिवसांनी ओसरतं, तिथे क्रियापद अबेटच आहे. म्हणजे चूक म्हणता येत नाही. आजच्या लिखाणात पाण्याला रिसीड जास्त रुळलाय, एवढंच म्हणू. परीक्षेत वाक्यात वॉटर आणि रोड दिसले की ताईंनी रिसीड निवडावा, बायबल काढून वाद घालत बसू नये.

तासगावहून
सब्साइडचा आणि आमच्या ठिबकच्या सबसिडीचा काही संबंध?

मिरजेहून
आहे की! दोघांच्या मुळाशी लॅटिनमधलं बसणे आहे. सबसिडीचा पूर्वज 'सुब्सिडियम', म्हणजे मागे बसवून ठेवलेली राखीव फौज, त्यावरून मदत. आजच्या अर्थांत मात्र दोघांची सोयरीक उरलेली नाही, त्यामुळे मुळावरून अर्थ ताडायला गेलात तर अशा जागी फसाल.

राहिलेले दोन थोडक्यात. वेन हा चंद्राचा शब्द, वद्य पक्षात कलेकलेने घटणारा. म्हणून उत्साह, लोकप्रियता, दबदबा यांना वेन. एब म्हणजे ओहोटी. आपल्याकडे कृष्णेला ओहोटी नसते, तेव्हा पुराला तो नको. अंगातली ताकद हळूहळू गेली तर चालेल.

विश्रामबागहून
मग यादी फेकून देऊ का? तीन वाक्यं केलीत, तपासा. पाऊस रिसीड झाला. निकालानंतर लोकांचा उत्साह वेन झाला. विसर्जनानंतर घाटावरची गर्दी सब्साइड झाली.

हरिपूरहून
फेकू नका, यादीत एक रकाना वाढवा: 'कुणाबरोबर येतो'. त्यात अर्थ न लिहिता नामं लिहा. रिसीडपुढे पाणी, केस, धोका. सब्साइडपुढे वादळ, सूज, राग. कोबिल्ड हा शब्दकोश 1987 साली बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या प्रकल्पातून निघाला तो याच धर्तीवर. खऱ्या लिखाणातली वाक्यं संगणकात गोळा केली आणि व्याख्याही पूर्ण वाक्यात दिल्या, 'अमुक गोष्ट सब्साइड होते तेव्हा...' अशा. शब्द कुणाचा हात धरून येतो ते व्याख्येतच दिसतं. नुसत्या प्रतिशब्दांच्या यादीपेक्षा मला हे कधीही बरं वाटतं. मराठीतून उलटं शिकताना तर जास्तच, कारण आपलं ओसरणे पाऊस, पाणी, गर्दी, राग सगळ्यांना पुरतं.

आता वाक्यं. दुसरं बरोबर. पहिल्यात अबेट किंवा साधं ईझ घ्या. अख्खा मान्सून परतला असेल तर हवामान खातं विथड्रॉ म्हणतं, आणि ते नकाशावर रेघ मारून दाखवतं. तिसरं चुकलं. गर्दी हळूहळू विरळ झाली तर 'थिन्ड आउट', सगळे चहूकडे पांगले तर 'डिस्पर्स्ड'.

विश्रामबागहून
पण सर, गर्दी उसळलेली होती. उसळलेलं खाली बसलं की सब्साइड, असं तुम्हीच म्हणालात.

हरिपूरहून
ढोल-ताशांचा गोंगाट म्हणा, मग सब्साइड बसेल. माणसं खाली बसत नाहीत, घरी जातात.